सोमवारची उपासना: रोजच्या कामाकडे ख्रिस्ती नजरेने कसे पाहायचे?

'काम हीच पूजा' ही पाटी आपण इतक्या कार्यालयांत पाहिली आहे की आता ती नजरेलाही पडत नाही. बहुतेकदा ती अशा खिडकीवर लावलेली असते, जिच्यासमोर रांग असते आणि जिच्यामागची खुर्ची रिकामी असते. ख्रिस्ती माणसाला ही पाटी आपल्याच धर्मातली वाटते, कारण जे काही कराल ते प्रभूसाठी करा, हे त्याने उपदेशात कितीदा तरी ऐकलेले असते. पण बायबल इतके सरसकट बोलत नाही. काम उपासना होऊ शकते, असे ते म्हणते. तेच काम देवाचा अपमानही होऊ शकते, असेही ते तितक्याच जोरात म्हणते.

मग हे ठरते कशावर? नेहमीचे उत्तर असे की कामाच्या जागी प्रार्थना करा, टेबलावर वचन लावा, गल्ल्याच्या वर क्रूस टांगा, सहकाऱ्यांपुढे साक्ष द्या. यात वाईट काहीच नाही. पण हे सगळे कामाच्या बाजूला घडते. प्रत्यक्ष काम, म्हणजे बिल बनवणे, प्लास्टर करणे, सुई टोचणे, तपासलेले पेपर परत देणे, हे जसेच्या तसे राहते. माझ्या मते ख्रिस्ती परंपरेचे खरे म्हणणे या प्रत्यक्ष कामाबद्दल आहे. ते काम कोणापर्यंत पोहोचते आणि कोणाकडून करून घेतले जाते, या दोन माणसांशी आपण कसे वागतो, त्यावर त्याची उपासना होते की नाही हे ठरते. पुढचा सगळा लेख याच मुद्द्याचा आहे.

सेवेत असलेले आणि नोकरी करणारे

आपल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, पाहुण्यांची ओळख करून देताना एक रीत आहे. 'हे भाऊ पूर्णवेळ सेवेत आहेत' म्हटले की लोक सरसावून बसतात. पुढचा माणूस एसटीत कंडक्टर असेल, तर 'हे नोकरी करतात' एवढ्यावर भागते. नियम म्हणून हे कोणी शिकवत नाही, पण लहान मुलांनाही कळते की देवाचे काम पहिला करतो आणि दुसरा पोट भरतो.

ही उतरंड फार जुनी आहे. चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप युसेबियस याने ख्रिस्ती जीवनाचे दोन प्रकार सांगितले. एक परिपूर्ण, संसार आणि मालमत्ता सोडून केवळ देवाच्या सेवेला वाहिलेले. दुसरा चालवून घेण्याजोगा, शेती, व्यापार, सैन्य, लग्न करणाऱ्यांचा. पुढे हजारभर वर्षे युरोपात सामान्य समजूत साधारण हीच होती.

बायबलमध्ये मात्र या उतरंडीला फारसा आधार सापडत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि तेव्हा पाप अजून घडलेले नसते. म्हणजे काम ही शिक्षा नव्हे. तिसऱ्या अध्यायात काटेकुसळे आणि निढळाचा घाम येतो, त्यामुळे शाप कामात शिरला हे खरे, पण काम शापाच्या आधीचे आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, आणि कशासाठी? सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे नक्षीकाम करण्यासाठी. तिथे ना उपदेश आहे, ना भविष्यवाणी. आहे ती हातातली कला. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण तिघांचा धंदा एकच, तंबू बनवण्याचा. आणि नासरेथकरांनी येशूबद्दल नाक मुरडून विचारले ते हेच, की हा सुतारच ना? लूक सांगतो की त्याने आपले कार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षांबद्दल शुभवर्तमाने जवळजवळ गप्प आहेत.

मठांना मात्र सरसकट दोष देऊ नये. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात रोजच्या अंगमेहनतीला प्रार्थनेइतकीच ठरलेली वेळ आहे. कोठारप्रमुखासाठीचे एक कलम मला फार आवडते. मठातली सगळी भांडीकुंडी आणि अवजारे त्याने वेदीवरची पवित्र पात्रे समजून सांभाळावीत, असे ते सांगते. फावडे आणि प्रभुभोजनाचा प्याला एकाच रांगेत! अडचण एवढीच होती की ही दृष्टी मठाच्या भिंतीआड राहिली. भिंतीबाहेर नांगर धरणाऱ्याला कोणी हे सांगितले नाही.

पोराची दुपटी धुणारा बाप

ती भिंत पाडली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने, आणि तो स्वतः आधी मठवासी होता. 1522 साली विवाहाविषयी लिहिताना त्याने एक चित्र उभे केले आहे. बाप पोराची घाणेरडी दुपटी धुतो आहे आणि लोक त्याला बायकी म्हणून हसताहेत. ल्यूथर म्हणतो, तो हे विश्वासाने करत असेल, तर देव आपल्या सगळ्या दूतांसह त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतो. सोळाव्या शतकातल्या जर्मनीत हे लिहिणे सोपे नव्हते; आपल्याकडच्या कित्येक घरांत आजही ते सोपे नाही.

यामागचा विचार थोडक्यात असा. तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, देवाच्या कृपेने मिळते, कर्माने नाही. मग आपली सत्कृत्ये देवाला पोहोचवण्याचे कारणच उरत नाही, त्याला त्यांची गरज नाही. गरज शेजाऱ्याला आहे. म्हणून कर्मांची दिशा आडवी होते आणि ती माणसाकडून माणसाकडे जातात. आपण 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' अशी प्रार्थना करतो. ती भाकर आकाशातून पडत नाही. शेतकरी, हमाल, गिरणीवाला, चूल पेटवणारी बाई अशा हातांतून ती येते. 147व्या स्तोत्रावर लिहिताना ल्यूथर या सगळ्या कामांना देवाचे मुखवटे म्हणतो. मुखवट्यामागून तोच देतो आहे.

इथे एक खुलासा. चांभाराने बुटांवर छोटे क्रूस काढू नयेत, चांगले बूट करावेत, असे एक वाक्य ल्यूथरच्या नावावर सर्रास फिरते. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हालाही आले असेल. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. विचार त्याच्याशी जुळणारा आहे, म्हणून ते खपून जाते.

मराठी वाचकाला आता सावता माळी आठवणारच. अरणच्या मळ्यात कांदा, मुळा, भाजीतच ज्याने विठाई पाहिली, त्याला पंढरीची वारी करावी लागली नाही. नारायण वामन टिळकांसारख्या माणसाला ख्रिस्ताची भक्ती ओवी-अभंगातून करावीशी वाटली, त्याला ही जवळीकही कारण असावी. साम्य खरे आहे. फरकही आहे आणि तो सांगायला लाजू नये. ख्रिस्ती विचारात भाजी ही भाजीच राहते, ती देव होत नाही. निर्माता वेगळा आणि निर्मिती वेगळी. भाजीतून देवाकडे जाणारी वाट ती भाजी खाणाऱ्या माणसावरून जाते.

म्हणून मेथीची एक जुडी घेऊ. पहाटे बाजारात न्यायच्या जुड्या रात्री बांधल्या जातात. बांधणाऱ्याच्या हातात एक लहान निर्णय असतो, पिवळी पाने कुठे घालायची. ती टाकून दिली तर जुडी बारीक दिसते. मधोमध घालून वरून हिरवा पाला बसवला तर जुडी भरघोस दिसते आणि गिऱ्हाइकाला घरी निवडायला बसेपर्यंत पत्ता लागत नाही. पाणी जास्त मारले की वजनही दिसते आणि तजेलाही, मग दुपारपर्यंत ती आतून सडते. जुडी बांधताना तोंडाने गीत चालू आहे की नाही, याला इथे दुय्यम महत्त्व आहे. उपासनेचा प्रश्न त्या पिवळ्या पानांपाशी आहे.

हे मी ओढून ताणून म्हणत नाही. बायबलमध्ये ज्याच्या नावाचा ग्रंथ आहे तो तकोव्याचा आमोस हा स्वतः मेंढपाळ होता, उंबराच्या झाडांची निगा राखणारा होता, धंदेवाईक संदेष्टा नव्हता. त्याच्या आठव्या अध्यायात व्यापारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळून बसलेले आहेत, पण जीव टांगणीला लागला आहे की हा दिवस कधी संपतो आणि धान्य विकायला कधी बसतो. माप लहान करायचे, वजन मोठे करायचे, गव्हातला भुसाही विकायचा, असा त्यांचा बेत आहे. आपल्याकडे याला मापात पाप म्हणतात. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमचे सण मला नकोत, तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. म्हणजे आठवडाभराच्या मापाने शब्बाथची उपासना नाकारली जाऊ शकते. काम आणि उपासना यांचा संबंध गोड आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आमोस जरूर वाचावा.

ते वचन कोणाला लिहिले होते?

आता अवघड भाग. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे वचन कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ख्रिस्ती कार्यालयांत, शाळांत, दवाखान्यांत ते फ्रेम करून लावतात. ते कोणाला उद्देशून आहे हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पौल तिथे गुलामांशी बोलतो आहे. ज्यांना पगार नाही, राजीनामा देता येत नाही, ज्यांचे शरीर दुसऱ्याच्या मालकीचे आहे, अशांशी.

त्यामुळे हे वचन दुधारी होते. गुलामाला ते एक मोठी गोष्ट देते. तुझा खरा धनी हा समोरचा नाही, तुझे काम वाया जात नाही, वारसा तुलाही आहे. ज्याला कोणी माणूस म्हणत नव्हते त्याला हे सांगणे लहान नव्हते. पण हेच वचन मालकाच्या हातात पडले की त्याचा अर्थ होतो, कुरकुर न करता राबा. म्हणून पुढची ओळ वाचायची असते. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल धन्यांकडे वळतो आणि सांगतो की दासांशी न्यायाने व समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. ही ओळ मी अजून कोणत्याही मालकाच्या केबिनमध्ये फ्रेम केलेली पाहिलेली नाही. आणि हे पत्र घेऊन जाणाऱ्यांत अनेसिम होता. फिलेमोनाच्या याच दासाला परत स्वीकारताना दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे पौलाने त्याच्या धन्याला वेगळ्या पत्रात लिहिले. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असेही लिहिले.

आपल्या महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. ज्या स्थितीत पाचारण झाले, म्हणजे देवाने बोलावले, त्या स्थितीत राहा, असे पौल करिंथकरांना लिहितो, आणि ल्यूथरच्या शिकवणीचाही कल तिकडे आहे. चांभाराने चांभारकीत देवाची सेवा करावी. जर्मनीत याने चांभाराचा मान वाढला असेल. इथे तीच गोष्ट वेगळी ऐकू येते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. पुढे त्या जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांचे काम जन्माने ठरलेले होते. वेस राखणे, सांगावे पोहोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, आणि बदल्यात बलुते. त्या माणसाला 'तुझे काम हीच तुझी उपासना, तिथेच राहा' असे सांगणे म्हणजे गावकीचे जू देवाच्या सहीने परत मानेवर ठेवणे. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ही हलकी गावकामगार वतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडले.

पौलाच्या त्याच उताऱ्यात लगेच पुढे आहे, की दास असताना पाचारण झाले तर चिंता करू नको, पण मोकळे होता येत असेल तर ती संधी अवश्य घे. हा अर्धा भाग गाळून चालत नाही. मिशनच्या शाळांत शिकून गावकी सोडलेला मास्तर, सुतारकाम किंवा विणकाम शिकलेला तरुण, यांनी काम बदलले हेही त्यांच्या पाचारणातच बसते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसते आसरा देऊन बसवले नाही. तिथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले. ज्या बायकांना घराने आणि समाजाने टाकून दिले होते, त्यांचे हात शास्त्राच्या छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवत होते. त्यांच्यासाठी काम बदलणे हीच सुटका होती.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली श्रमाविषयी जे परिपत्रक काढले, त्याचा गाभा इथे उपयोगी पडतो. कामाची प्रतिष्ठा ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, यावरून ठरते. काम माणसासाठी, माणूस कामासाठी नव्हे. आपल्या सफाई कामगारांच्या संदर्भात याचा अर्थ असा नाही की गटारात उतरणे पवित्र आहे. उतरणारा पवित्र आहे, म्हणून त्याला उतरवणे बंद झाले पाहिजे, असा तो आहे.

मजुरी आणि रविवार

आतापर्यंत काम करणाऱ्याविषयी बोललो. पण आपल्यापैकी बहुतेक जण कोणाकडून तरी काम करून घेतात. घरकामाच्या मावशी, गाडी पुसणारा, शेतावरचे रोजंदार, ऑफिसातली कंत्राटी पोरे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तिची हाक देवाच्या कानी जाते. एका बाजूला आपली स्तुतिगीते आणि दुसऱ्या बाजूला ती थकलेली मजुरी, दोन्ही एकाच कानापर्यंत पोहोचताहेत. 'सुट्टे नाहीत, पुढच्या महिन्यात एकदम देते' हे वाक्य त्यानंतर जरा जड जाते.

विश्रांतीचेही तसेच. शब्बाथची आज्ञा आपण स्वतःपुरती वाचतो. मूळ आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, एवढेच काय गुरेढोरेही आहेत. अनुवादात कारण दिले आहे की तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. आपल्याकडे गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी, अनेक वर्षांच्या लढ्यानंतर 1890 साली, आणि रविवार हा खंडोबाचा वार हेही त्यांच्या मागणीतले एक कारण होते, असे सांगतात. शब्बाथच्या आज्ञेचा खरा अर्थ ज्याने मुंबईत अमलात आणला तो ख्रिस्ती नव्हता, याची ख्रिस्ती माणसाने मोकळेपणाने नोंद घ्यावी. आणि मग आपण उपासनेला जातो त्या रविवारी घरी भांडी घासायला कोण येते, तेही पाहावे.

वेदीपर्यंत काय न्यायचे?

मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळ कॅथलिक लोकांच्या, गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला नव्या कणसांचे फेस्त असते. मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना याजक जी प्रार्थना म्हणतो, तीत पृथ्वीची उपज आणि माणसाच्या हातांचे काम या दोन्हींचा उल्लेख आहे. वेदीवर गहू ठेवत नाहीत, भाकर ठेवतात; द्राक्षे ठेवत नाहीत, रस ठेवतात. मधे कोणीतरी दळलेले, मळलेले, भाजलेले, तुडवलेले आहे.

पण मुंबईतली बरीचशी शेते आता इमारतींखाली आहेत. ज्या घरातून पूर्वी लोंब्या यायच्या त्या घरातली मुलगी आज विमानतळावर आहे, मुलगा बँकेत, सून दवाखान्यात रात्रपाळीला. कॅथलिक चर्चने 1955 साली 1 मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून जाहीर केला, तो याच जाणिवेने. मला वाटते, लोंब्यांशेजारी नर्सचे रात्रपाळीचे रजिस्टर आणि वायरमनचा टेस्टर ठेवायला हरकत नसावी. आणि ज्यांच्याकडे काम नाही, जे निवृत्त आहेत, अंथरुणाला खिळले आहेत, कंपनीने काढलेले आहेत, त्यांचे काय? त्यांनी रिकाम्या हाताने यावे. ख्रिस्ती विचारात माणसाची किंमत कामातून येत नाही, हे आधी पक्के असल्याशिवाय कामाला उपासना म्हणणे धोक्याचे आहे.

राहिला एक प्रश्न, जो आपण टाळतो. काही कामे अर्पण करताच येत नसतील तर? आरंभीच्या मंडळीला हा संकोच नव्हता. रोमच्या हिप्पोलितसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नियमांत बाप्तिस्म्यासाठी आलेल्याला त्याचा धंदा विचारायची पद्धत दिसते. कुंटणखाना चालवणारा, मूर्ती घडवणारा, झुंजीत माणसे मारणारा यांनी धंदा सोडावा, नाहीतर परत जावे. सैनिकाने हुकूम झाला तरी ठार मारू नये. मुलांना शिकवणाऱ्याने शिकवणे सोडलेले बरे, कारण शाळेत मूर्तिपूजकांच्या कथा शिकवाव्या लागत. पण दुसरा धंदा येत नसेल तर त्याला चालवून घ्यावे. त्या यादीशी सगळीकडे सहमत व्हायची गरज नाही. मला तिच्यातली ती शेवटची सवलत महत्त्वाची वाटते. नियम करणाऱ्याला माणसाचे पोट दिसत होते.

आज दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना विश्वासात पक्के करण्याच्या, वर्गात दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार पाठ करून घेतात. तू काय काम करणार आहेस, हे विचारत नाहीत. समजा वर्गातला एखादा तरुण वसुली एजन्सीत लागला आहे आणि थकलेल्या हप्त्यांसाठी रात्री दहा वाजता लोकांच्या बायकांना फोन करून धमकावणे हेच त्याचे टार्गेट आहे. त्याने पाळकांना विचारले की हे प्रभूसाठी कसे करू, तर उत्तर आधीच ठरवून ठेवलेले बरे. आणि उत्तर 'नोकरी सोड' असेल, तर दुसरी मिळेपर्यंत त्याच्या घरचे भाडे मंडळीने कसे भरायचे, तेही त्याच बैठकीत ठरवावे लागेल.